पणसरांचा उलटा तास

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'पणसर' म्हणायचे आणि ते त्यांना ठाऊक होतं. या माणसाला एखादी गोष्ट निखालस पटली असं कधी व्हायचंच नाही. चहा छान झालाय, पण. शेजारी भला माणूस आहे, पण. ताईला लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा 'मला तू आवडतेस' एवढ्यावर थांबले नाहीत. 'पण माझ्यात वाईटही बरंच आहे,' असं म्हणून एकेक दुर्गुण सांगायला बसले. 'ते ऐकूनच मी होकार दिला,' असं ताई सांगते. माझं शिवणकामाचं दुकान आहे. आमच्या धंद्यात असं पण-पण करत बसलं तर कापडाला कात्री लागायचीच नाही, म्हणून मी पहिल्यापासून त्यांची थट्टा करत आले. मेहुणीला तेवढा हक्क असतोच.

त्यांच्या शिकवण्यात एक खोड होती. तिला सगळे उलटा तास म्हणायचे. सत्रात एकदा, कधी ते आधी न सांगता, भाऊजी वर्गाबाहेर आपला कोट काढायचे, आतली बाजू बाहेर करून तो पुन्हा अंगात घालायचे आणि आत जायचे. कोट उलटा म्हणजे आज सर जे बोलतील ते त्यांचं मत नाही. त्या दिवशी ते स्वतःला न पटणारी बाजू मांडायचे, आणि अशी मांडायचे की ऐकणाऱ्याला ती पटूनच जावी. पोरांनी त्या दिवशी तोंड उघडायचं नाही, घरी जाऊन विचार करायचा. दुसऱ्या दिवशी सर कोट सुलटा घालून येणार आणि वर्गानं त्यांचं म्हणणं फोडून दाखवायचं. ज्याला ते फोडता येईल त्याच्याशी ते उभं राहून हात मिळवायचे. 'दुसऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली नाही, तर आपली बाजू आपल्याला कळलीच नाही,' असं त्यांचं म्हणणं. कोटाचं अस्तर फाटकं दिसायचं म्हणून ताई वैतागायची. शेवटी मीच एकदा त्याला चांगलं राखाडी अस्तर लावून दिलं. म्हटलं, वर्गासमोर आतून-बाहेरून उघडे पडणारच आहात, तर निदान नीटनेटके तरी पडा.

त्यांचं म्हणणं आजवर सगळ्यांत चांगलं फोडलं ते एका मुलीनं. तेव्हा ती विद्यार्थिनी होती. पुढे भाऊजींच्याच हाताखाली तिनं संशोधन केलं, त्याच विभागात नोकरीला लागली आणि कायमही झाली. विभागात तिला धाकटी मॅडम म्हणायचे. भाऊजींचा तिच्यावर फार जीव. त्यांना मूलबाळ नाही, पण ते काही कारण नव्हे. ती त्यांच्याशी भांडायची, हे खरं कारण. रविवारी ताईकडे यायची आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागदांवर रेघोट्या मारत तासन्‌तास हुज्जत घालायची. मध्येच ताई विचारायची, जेवणार का. त्यावर दोघंही एका सुरात म्हणायची, हो, पण पाच मिनिटांनी.

धाकट्या मॅडमनं नदीकाठच्या वस्तीचा अभ्यास केला होता. सरकारनं ती वस्ती उठवून लोकांना गावाबाहेरच्या उंच इमारतींत नेलं होतं. पुढारी प्रत्येक भाषणात त्या इमारतींचा फोटो दाखवायचे. ही बाई त्या इमारतींचे जिने चढत दारोदार फिरली आणि तिनं लिहिलं की निम्म्याहून जास्त घरांतली कामं सुटली आहेत, पोरांच्या शाळा सुटल्या आहेत, आणि ज्यांना जमलं ते गुपचूप नदीकाठी परतले आहेत. तिचा अहवाल छापून आला आणि त्याच सुमारास सरकारनं विद्यापीठांसाठी एक नवा कायदाही आणला.

तो कायदा मला भाऊजींनीच समजावून सांगितला होता. विद्यापीठात एकदा माणूस कायम झाला की त्याला कुणाला रुचो न रुचो, जे सापडलं ते लिहिता-बोलता येतं. तेवढ्यासाठीच तर कायम करायचं. आता दर पाच वर्षांनी प्रत्येकाची फेरतपासणी व्हायची होती. समितीत सरकारनं नेमलेली तीन माणसं. शिकवणं लोकहिताला धरून आहे की नाही, ते ही तीन माणसं ठरवणार. 'म्हणजे कायम या शब्दाची मुदत पाच वर्षं,' असं म्हणून भाऊजी हसले होते. तेव्हा हसू येत होतं.

फेरतपासणीच्या पहिल्या यादीत धाकट्या मॅडमचं नाव असणार हे कुणालाही कळत होतं. आणि नेमकं तेव्हाच या दोन शहाण्यांनी जे केलं ते विद्यापीठातली माणसंच करू जाणोत. त्या सत्राच्या उलट्या तासाला भाऊजींनी विषय घेतला तिच्याच अहवालाचा. सरकारची बाजू भाऊजी मांडणार आणि मुलं दुसऱ्या दिवशी ती फोडणार. बरं, तिला न विचारता नाही. ती रविवारी येऊन टेबलाशी बसली आणि आपल्याच अहवालावर कुठे वार करायचा ते त्यांना शिकवू लागली. मी तिथंच ताईच्या पडद्यांना शिवण घालत होते.

"सर, हे बघा, पहिल्या फेरीत मी त्याच लोकांशी बोलले जे तक्रार घेऊन आले होते. इथे मारा," ती म्हणाली.

"पण दुसऱ्या फेरीत तू सगळ्या मजल्यांवर गेलीस ना?"

"ते तुम्ही सांगूच नका. मुलांना शोधू दे."

दोघं खूश होती. आपल्याच घराच्या कोणत्या खिडकीला कडी नाही, ते चोराला दाखवून द्यावं, तसं चाललं होतं. मी म्हटलंसुद्धा, "अगं, दिवस काय आहेत, तुम्ही करताय काय?" त्यावर ती म्हणाली, "मावशी, वर्गात बोललेलं वर्गातच राहतं." म्हटलं, त्यांच्या धंद्यातलं मला काय कळतंय.

तास झाला. भाऊजी म्हणे फारच रंगात आले होते. आणि कुणीतरी तो फोनवर टिपला. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्यांचं म्हणणं उभं-आडवं फाडलं, पण ते कुणी टिपलं नाही.

आठवड्याच्या आत ती फीत टीव्हीवर आली. 'विद्यापीठातले ज्येष्ठ अर्थतज्ज्ञच सांगतात, अहवाल एकतर्फी आहे.' सरकारी पक्षाचा प्रवक्ता खुर्चीत रेलून हसत होता. फितीत भाऊजींचा फक्त चेहरा ठेवला होता, गळ्याखालचं सगळं कापलेलं. एका क्षणी मात्र ते फळ्याकडे वळले तेव्हा खांदा दिसला, आणि खांद्यावर मी घातलेली राखाडी अस्तराची शिवण. ताई आधी हसली. "अहो, कोट उलटा आहे, दिसतोय की," ती म्हणाली. मग तिचं हसू मावळलं, कारण हे आमच्याखेरीज आणि वर्गातल्या मुलांखेरीज कुणालाच कळणार नव्हतं.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. रस्त्यात लोक भाऊजींना थांबवून अभिनंदन करायचे. माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी 'तुमचे भाऊजी म्हणजे खरे धीराचे' असं सांगितलं. ज्यांनी आयुष्यात कधी अर्थशास्त्र या शब्दाशी सोयरीक केली नाही, त्यांनाही ते आवडू लागले. भाऊजी प्रत्येकाला सांगायला जायचे, "तसं नाही हो, तो उलटा तास होता, म्हणजे काय, की..." आणि समोरचा 'बरं बरं' म्हणून निघून जायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधी त्यांनी वर्तमानपत्राला खुलासा लिहायचं ठरवलं. लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. तेवढ्यात कुलगुरूंचा फोन आला.

कुलगुरू गोड बोलले, असं भाऊजींनी सांगितलं. म्हणाले, 'आता काही लिहू नका, बोलू नका. समितीपुढे सांगायची संधी मिळणारच आहे. तिथे योग्य ते होईल. उगाच विद्यापीठ चव्हाट्यावर कशाला आणायचं?' भाऊजींना ते पटलं. दोन्ही बाजू बघायची सवय असलेल्या माणसाला थांबायचं कारण लगेच पटतं, हे मी त्या दिवशी शिकले.

धाकट्या मॅडमची सुनावणी जवळ आली. ती घरी आली तेव्हा पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरलेला पाहिला. समितीकडे तिच्याविरुद्ध दुसरं काही नव्हतं. अहवालातला एकही आकडा त्यांना चुकीचा दाखवता आला नव्हता. सगळा भार भाऊजींच्या त्या फितीवर होता. "खुद्द यांच्या गुरूंनीच सांगितलंय, असं म्हणतायत. तुम्ही एक वाक्य बोललात, सर, की संपलं," ती म्हणाली. भाऊजींनी तिच्या हातावर थोपटलं. "मी सांगतो. तू काळजी करू नकोस." वर्गातल्या दोघांनी, एक मुलगी आणि एक मुलगा, आपणहून समितीकडे लेखी जबाब दिला होता की तो उलटा तास होता, सरांचा कोट उलटा होता, दुसऱ्या दिवशी आम्हीच ते म्हणणं खोडून काढलं. वर्गातले बाकीचे मूग गिळून बसले होते. त्यांच्यावर मला राग नाही. वय काय त्यांचं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी ताईकडे होते. विद्यापीठाच्या आवारातलं ते घर. मागच्या दारी ताईनं लावलेली लिंबाची दोन झाडं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "खरं काय ते सांगा, मी नाही म्हणत नाही. पण तुमचीही तपासणी पुढच्याच महिन्यात आहे, एवढं डोक्यात असू द्या." भाऊजी म्हणाले, "आहे डोक्यात." मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की त्यांनी फार ताणू नये. आपल्या माणसाचं घर जाऊ नये असंच वाटतं माणसाला, दुसऱ्याचं गेलं तर हळहळतो आपण.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते भाऊजींनी स्वतः सांगितलं. संध्याकाळी टेबलाशी बसून, एकही शब्द न बदलता. त्यांची स्मरणशक्ती तशी, आणि त्या दिवशी तीच त्यांचा काळ झाली.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, पांढरेशुभ्र केस. एका बाजूला पक्षाचा माणूस, त्याच्या मालाच्या गाड्या चालतात म्हणे. दुसऱ्या बाजूची व्यक्ती सगळा वेळ फोनमध्ये बघत होती. अध्यक्ष उठून उभे राहिले. म्हणाले, 'सर, तुम्हाला उगाच त्रास दिला. बसा.' चहा मागवला. मग म्हणाले, 'तुमची फाईल कालच वाचली. काय काम केलंय तुम्ही. महिनाभरात तुमचंही आटपून टाकू, त्यात बघण्यासारखं काही नाहीच.' भाऊजी धमकीला तयार होऊन गेले होते. चहाला तयार नव्हते.

"या फितीतला आवाज तुमचाच?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"हे बोलायला तुमच्यावर कुणी दबाव आणला होता?"

"नाही."

"छान. आणखी काही सांगायचंय, सर?"

भाऊजी आम्हाला सांगता सांगता इथे थांबले. ताईनं विचारलं, "मग?" ते ताटाकडे बघत म्हणाले, "मी म्हणालो, नाही."

मी तोपर्यंत त्यांना शेकडो वेळा चिडवलं होतं, की तुम्ही मेलात तरी चितेवरून उठून 'पण' म्हणाल. ज्या माणसाला साखर किती विचारलं तरी एक 'पण' जोडावासा वाटायचा, त्याला आणखी काही सांगायचंय का म्हणून विचारलं आणि तो नाही म्हणाला. कुणी गळा धरला नव्हता, कुणी डोळे वटारले नव्हते. नुसती विचारणा केली होती, तीही अदबीनं.

"बाहेर बाकावर ती बसली होती," भाऊजी पुढे म्हणाले. "ती आणि ती दोन मुलं. ती उठली. म्हणाली, सांगितलंत ना, सर? मी म्हणालो, विचारलं तेवढं सांगितलं. तिला कळलं. तिला लगेच कळतं सगळं. मुलांना नाही कळलं. ती मुलगी मला थँक्यू सर म्हणाली."

मग त्यांनी ताट सरकवलं. ताईनं ते उचललं आणि ती आत गेली. नळ बराच वेळ सुरू होता.

निकाल दोन आठवड्यांत लागला. धाकट्या मॅडमचं पद रद्द झालं. कारण दिलं होतं, 'ज्येष्ठ सहकाऱ्याच्या स्पष्ट मतानुसार संशोधन पक्षपाती.' त्या दोन विद्यार्थ्यांवर खोटा जबाब दिल्याचा ठपका आला, त्यांचं वर्ष गेलं आणि वसतिगृहातली जागाही गेली. सरांनी स्वतः कबूल केलं असताना ही मुलं कोट उलटा होता म्हणून सांगतात, तर खोटं कोण बोलतंय हे उघडच होतं, असं त्या कागदात लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात भाऊजींची फेरतपासणी झाली, एका बैठकीत. त्यानंतर ते विभागप्रमुखही झाले.

नंतर बोलायचे प्रयत्न त्यांनी केले, नाही असं नाही. एकदा कुलगुरूंकडे गेले. म्हणाले, 'माझं सांगायचं राहिलं, मला जोडायचं आहे.' कुलगुरू म्हणाले, 'जोडा की. लिहून द्या, की मी वर्गात जाणूनबुजून मला न पटणारं शिकवलं. मग ते शिकवणं लोकहिताला धरून आहे का, ते समितीला पुन्हा बघावं लागेल. शिवाय समितीपुढे अर्धवट सांगितलं, त्याचंही.' भाऊजी कागद घेऊन घरी आले. तो कागद टेबलावर कोराच राहिला, मग ताईनं त्यावर वाण्याची यादी लिहिली.

उलटा तास त्यांनी पुन्हा घेतला नाही. कुणी बंदी घातली नव्हती. पोरंही मागत नव्हती. ती आता सर सांगतील ते उतरवून घ्यायची, आणि विभागातले बाकीचे अध्यापक भाऊजींना वाट द्यायचे, म्हणजे बोलता बोलता गप्प व्हायचे. कुणी तोंडावर काही म्हणालं असतं तर बरं झालं असतं, असं ते एकदा माझ्यापाशी म्हणाले. शिवी दिली असती तर तिचाही विचार करता आला असता. ताईचा जीव वेगळ्याच गोष्टीनं घाबरा झाला होता. एक दिवस दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, ते हल्ली माझ्याशी वादच घालत नाहीत. मी म्हणेन ते बरोबर. भाजीत मीठ जास्त पडलं तरी छान आहे म्हणतात." आणि तिनं डोळ्याला पदर लावला. मला हसावं की रडावं कळेना.

दोन वर्षांनी भाऊजी निवृत्त झाले आणि आवारातलं घर सोडावं लागलं. ते तसंही सोडावंच लागणार होतं, नियमच होता. लिंबाची झाडं पुढच्या बिऱ्हाडाला गेली. ज्या घरासाठी मी त्या संध्याकाळी गप्प बसले, ते एवढंच आमचं होतं. नव्या जागेत सामान लावताना मला त्याची इतकी लाज वाटली की मी उगाचच ताईवर खेकसले.

नव्या घराला रंग द्यायचा होता. भाऊजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "रंगाच्या दुकानात जायचंय. येतेस का बरोबर? तुला रंगातलं कळतं." मी लगेच ओळखलं. धाकटी मॅडम तेव्हापासून तिच्या दिराच्या रंगाच्या दुकानात बसत होती. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठानं तिला घेतलं नव्हतं. रंगाचं दुकान आमच्या घराच्या कोपऱ्यावरही होतं, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

ती गल्ल्यामागे उभी राहून एका गवंड्याला डबे काढून देत होती. केस मागे बांधलेले, मनगटावर निळा डाग. आम्हाला पाहून तिच्या चेहऱ्यावर काही फारसं हललं नाही. "या सर. बसा, मावशी," ती म्हणाली आणि दोन स्टुलं पुढे सरकवली. गवंड्याचं होईपर्यंत आम्ही बसून राहिलो. भाऊजींच्या हातात रंगांच्या छटांचं एक कार्ड होतं. ते उघडत होते, मिटत होते.

गवंडी गेल्यावर ते म्हणाले, "मी रंग घ्यायला आलो नाही."

"माहीत आहे."

"मला बोलायचंय. मला कुठून सुरुवात करावी ते..."

"थांबा, सर, मी करते," ती म्हणाली. आणि तिनं त्यांची बाजू मांडायला घेतली. शांतपणे, बोटांवर मुद्दे मोजत. ती म्हणाली, "तुम्ही बोलला असतात तरी मी गेलेच असते. त्यांनी आधीच ठरवलं होतं, तुमची फीत नसती तर दुसरं काही काढलं असतं. तुम्ही गेला असतात तर विभागात एकही जुना माणूस उरला नसता. दोन वर्षं राहिली होती. काकूंना ऐन म्हातारपणी घर सोडावं लागलं असतं. तुम्ही एकही शब्द खोटा बोलला नाहीत. आवाज तुमचाच होता, दबाव कुणाचाच नव्हता. आणि वार कुठे करायचा ते मीच तुम्हाला दाखवलं होतं. तेव्हा चूक असेल तर पहिली माझी." बोलता बोलता तिनं एका डब्याचं झाकण दाबून बसवलं. यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नसतं. गेली दोन वर्षं मी स्वतःला हेच समजावत होते, फक्त इतकं नीट नाही.

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना कळलं होतं ती काय करते आहे. ते खाली बघत वाट पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "आता फोड की."

"मी नाही फोडणार, सर."

"तूच फोडायला हवंस. तुझं नुकसान झालंय."

"माझं झालं, ते मी बघून घेते. मला माहीत होतं मी कशात हात घालतेय." तिनं फडक्याला हात पुसले. "त्या दोघांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, सर आहेत ना आत, सर सांगतीलच. तुम्ही त्यांना भेटलात?"

भाऊजींनी हातातलं कार्ड मिटलं.

"दोन वर्षांत एकदाही?"

"नाही."

"ती मुलगी काय करते, तो मुलगा कुठे आहे, कुणाला विचारलंत तरी?"

"नाही," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि जे दोन वर्षं निघालं नव्हतं ते बाहेर पडलं. "मी घाबरलो गं. बाकी काही नव्हतं. ते चहा देत होते आणि मी घाबरलो. मला फक्त तुझं तोंड दिसत होतं इतके दिवस. त्या मुलांचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

"माझ्याकडे तुम्ही आलात कारण मी तुम्हाला समजून घेईन हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी घेतलंही. आता तिकडे जा. ती मुलं घेतीलच असं नाही." एवढ्यात दुकानात एक बाई आली आणि पांढऱ्यातला कुठला पांढरा चांगला म्हणून विचारू लागली. धाकटी मॅडम तिच्याकडे वळली, आणि आम्ही उठलो.

रस्त्यावर भाऊजी माझ्यापुढे चार पावलं चालत होते. वळणावर थांबले. मला वाटलं दम लागला असेल.

"विद्यापीठात जातो उद्या. जुन्या नोंदीत पत्ता असेल. मुलाचं नाव लक्षात आहे माझ्या," ते म्हणाले.

"आणि मुलीचं?"

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. ज्याला तो सगळा प्रसंग शब्दन्‌शब्द पाठ होता, त्या माणसाच्या ओठांची नुसती हालचाल होत होती.

"तुला आठवतंय का गं," त्यांनी मला विचारलं. "मी त्या दिवशी सांगताना तिचं नाव घेतलं होतं का?"

नव्हतं घेतलं. ती थँक्यू म्हणाली, एवढंच सांगितलं होतं.